बॅटरीतला वायू कुठून येतो

उंब्रजला हायवेच्या पुलाखालून सर्व्हिस रोडला लागलं की टायरवाले, पंक्चरवाले, ग्रीसवाले अशी दुकानांची ओळ सुरू होते. त्या ओळीत निळ्या पत्र्याचं एक बॅटरीचं दुकान आहे. पुढं स्टुलावर रबरी हातमोजे घालून बसलेली बाई म्हणजे क्रांती उदयसिंह डुबल. ऊस वाहणारे ट्रॅक्टरवाले तिला वहिनी म्हणतात, परगावचे ट्रकवाले ताई म्हणतात. पहिल्यांदा आलेला माणूस आत डोकावून मालक कुठं दिसतोय का ते बघतो. मग तिनं बॅटरीची झाकणं उघडून, काचेच्या नळीत पाणी ओढून, "हितला एक सेल मेलाय, बाकीचे बरे हायत," असं सांगितलं, की तो गुपचूप बॅटरी खाली ठेवतो.

दुकान मुळात तिचं नव्हे. ते उदयसिंहाचं. तो फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता आणि हवालदार होऊन पेन्शनीवर आला. बरोबरीच्या लोकांनी कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी ऊस वाढवला. उदयसिंहानं बॅटरीचं दुकान टाकलं. हाताला जे वळण लागलंय ते कशाला सोडायचं, असं त्याचं म्हणणं. माणूस नीटनेटका आणि भलताच बोलका. गिऱ्हाईक बॅटरी घेऊन आलं की आधी त्याची शाळा घ्यायचा. पाणी कवा टाकलं हुतं, नळाचं का डिस्टिलचं, गाडी किती दिवस उभी हुती. लोक हसत, पण बॅटरी त्याच्याकडंच आणत.

क्रांतीचं तेव्हा दुकानाशी नातं एवढंच, की दुपारी जेवणाचा डबा घेऊन जायचं आणि तो जेवेस्तोवर फोन उचलायचा. ती तासगावकडची. वडील लालासाहेब द्राक्षबागायतदार. पोरीनं शिकावं अशी त्यांची इच्छा, म्हणून तिला बारावीला सायन्सला घातलं होतं. अभ्यासात ती बरी होती. फक्त केमिस्ट्रीतला एक धडा, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा, तिनं परीक्षेत ऑप्शनला टाकला होता. त्यात ॲनोड, कॅथोड, अधिक, उणे यांचा असा काही घोळ होता, की वाचायला बसलं की डोकं जड व्हायचं. शिकवणाऱ्या सरांनीच सांगितलेलं, ज्यांना भीती वाटते त्यांनी हा सोडून बाकीचं पक्कं करा. तिनं सोडला. बारावी पास झाली, बी.एस्सी.चं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात उंब्रजचं स्थळ आलं आणि त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. त्या धड्याची आठवण पुढं कित्येक वर्षं तिला झाली नाही. व्हायचं काही कारणही नव्हतं.

ती आठवण झाली उदयसिंहाचा डोळा गेल्यावर.

कारखान्याचा हंगाम जोरात होता. केरबा नावाचा ट्रॅक्टरवाला उसाच्या दोन ट्रॉल्या रस्त्याकडेला सोडून दुकानात येऊन बसला होता. त्याची बॅटरी सकाळपासून चार्जिंगला लागलेली. कारखान्याच्या वजनकाट्यावरचा नंबर जाईल म्हणून तो सारखा घाई करत होता. क्रांती डबा घेऊन नुकतीच पोचली होती. तिनं पाहिलं, उदयसिंह आतल्या खोलीत गेला, चार्जरचा गुणगुण आवाज चालूच होता, आणि त्यानं वाकून बॅटरीवरची क्लिप काढली. एक बारीक ठिणगी उडाली. मग तोफ डागावी तसा आवाज झाला. बॅटरीचं वरचं कवच फुटून छताला लागलं आणि आतलं ॲसिड त्याच्या तोंडावर.

तो खाली बसला. दोन्ही हात चेहऱ्याजवळ नेले, पण लावले नाहीत. आणि अगदी शांत, हुकूम दिल्यासारख्या आवाजात म्हणाला, "पानी मार. डोळ्यात मार. थांबू नगंस."

दाराशी पाण्याचं बॅरल होतं. तिनं डब्यातली भाजी फेकून दिली आणि त्याच डब्यानं पाणी मारत राहिली. केरबा गाडी बघायला पळाला. गाडी आली तरी क्रांती पाणी मारतच होती. गाडीत कळशी घेऊन बसली आणि कऱ्हाडचा दवाखाना येईपर्यंत ओतत राहिली. डॉक्टर नंतर म्हणाले, "एवढं पाणी मारलंत म्हणून उजवा डोळा वाचला. डावा आमच्या हातात राहिला नाही."

उदयसिंह घरी आला तो निराळाच माणूस होऊन. चेहऱ्याची एक बाजू ताणल्यासारखी झालेली, काळा चष्मा, आणि बोलणं बंद. दुखतं का विचारलं तर मान हलवायचा. दिवसभर गोठ्याच्या पडवीला, रस्त्याकडं पाठ करून बसायचा. भेटायला आलेली माणसं आपापलं बोलून जायची. केरबा यायचा तेव्हा हमखास म्हणायचा, "माल खराब हुता दाजी. कंपनीवाल्यांनी आतनं कायतरी हलकं घातलं असणार. आपून सोडायचं न्हाई त्यास्नी." सासूबाई, लीलाबाई, म्हणायच्या की दुकान चांगलं चाललं होतं, कुणाची तरी नजर लागली, आणि संध्याकाळी लेकावरून मीठमोहऱ्या उतरून चुलीत टाकायच्या. उदयसिंह दोघांचंही ऐकून घ्यायचा. होयही म्हणायचा नाही आणि नाहीही.

दुकान बंद होतं, पण लोकांच्या बॅटऱ्या आत अडकलेल्या. माणसं घरी यायला लागली. तेव्हा क्रांतीनं चाव्या घेतल्या. आधी ज्याची त्याची बॅटरी देऊन टाकायची एवढंच तिच्या मनात होतं. पण दार उघडं दिसलं की कुणीतरी म्हणायचं, "एवढी चार्जिंगला लावा की वहिनी." नाही म्हणवेना. इतकी वर्षं बघून कुठली वायर कुठं जाते ते तिला ठाऊक होतं. लाल अधिकला, काळी उण्याला. वायर लावायची, लांबून लाकडी काठीनं बटण दाबायचं आणि बाहेर रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. काढायच्या वेळी मात्र आधी बटण बंद करायची, तेही आवाज पूर्ण थांबेस्तोवर वाट बघून, आणि तरीसुद्धा मान दुसरीकडं फिरवून क्लिप ओढायची.

चार्जिंग संपत आलं की झाकणांच्या भोकांतून बुडबुड्यांचा आवाज यायचा, भाताला आधण यावं तसा. तो आवाज ऐकत बाहेर उभी असताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळायची. आत शिसं हाय, पानी हाय, ॲसिड हाय. ना सिलेंडर, ना रॉकेल. मग जळलं काय? स्फोट कशाचा झाला?

तिनं बॅटऱ्या पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "गॅस होतो ताई चार्जिंगला. पंखा लावा." गॅस कुठून येतो ते त्याला माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही त्याला वाटत नव्हती. तिनं मोबाइलवर हिंदीतला एक व्हिडिओ लावला. त्यातला माणूस इतक्या वेगानं बोलत होता की तीन वेळा मागं नेऊनही हाताला काही लागलं नाही, आणि मोबाइलला प्रश्न विचारता येत नाही. शेवटी तिनं उदयसिंहालाच विचारलं. तो वैरणीच्या पेंढ्या सोडत होता. हात थांबला. "हुतो," तो म्हणाला. "तसाच हुतो." आणि पुन्हा पेंढी सोडायला लागला.

ज्याला सगळ्यात जास्त माहीत, तो सगळ्यात कमी बोलतोय, हे तिच्या ध्यानात आलं. पण त्याचा अर्थ तेव्हा तिला लागला नाही. तिला वाटलं, दुखण्याची आठवण नको असेल.

पावसाळा सुरू झाला, हंगाम संपला, दुकानातली गर्दी उतरली. एका सकाळी ती हायस्कूलला जोडलेल्या ज्युनिअर कॉलेजात गेली आणि केमिस्ट्री कोण शिकवतं म्हणून विचारलं. शिपायानं प्रयोगशाळा दाखवली. आत एक तरुण मास्तर काचेची नळी उजेडाला धरून बघत होते. त्यांचं नाव निमिष आपटे. वाईच्या गंगापुरीतले, कृष्णेच्या घाटावर वाढलेले. आठवडाभर उंब्रजला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीनं घरी जायचे.

"कोणाच्या पालक आपण?" त्यांनी विचारलं.

"कुणाची न्हाई सर. बॅटरीचं दुकान हाय आमचं सर्व्हिस रोडला. एक इचारायचं हुतं."

तिनं सगळं सांगितलं. ठिणगी, आवाज, पाणी, डोळा. आणि शेवटी तिचा प्रश्न. सरांनी नळी खाली ठेवली.

"उत्तर एका वाक्यात देता येईल," ते म्हणाले. "पण त्यानं तुमचं समाधान होणार नाही. तुम्हाला कोणी ना कोणी ते वाक्य आधीच सांगितलं असेल."

"सांगितलंय. गॅस हुतो म्हणं."

"पुढच्या आठवड्यात बारावीला इलेक्ट्रोकेमिस्ट्री सुरू करतोय. वर्गात येऊन बसाल का?"

क्रांतीला क्षणभर वाटलं, आपण ज्याला टाळून पुढं आलो तो धडा एवढ्या वर्षांनी वळसा घालून दारात येऊन उभा राहिलाय. "पोरं हसत्याल," ती म्हणाली.

"दोन दिवस हसतील. तिसऱ्या दिवशी विसरतील."

त्यांनी प्राचार्यांची परवानगी काढली. सकाळचा तास होता, दुकान उघडायच्या आधीचा. ती मागच्या बाकावर खिडकीशी बसायची. पोरं खरंच हसली आणि खरंच विसरली. शेजारची मुलगी आपलं पुस्तक दोघींच्या मधे ठेवायची. पुस्तक इंग्रजीत, पण सर बोलायचे मराठीत.

पहिल्या दिवशी त्यांनी निळ्या पाण्यात लोखंडी पातं बुडवलं. थोड्या वेळानं वर काढलं तर बुडालेला भाग तांबूस झालेला. "हे कुठं पाहिलंय कोणी?" त्यांनी विचारलं. क्रांतीचा हात आपोआप वर गेला. मोरचूदाचं पाणी होतं ते. बागेवर फवारायला माहेरी ते भिजत घालायचे, आणि लोखंडी बादलीत कुणी कालवलं की लालासाहेब अख्खी बाग डोक्यावर घ्यायचे, कारण बादलीला भोकं पडायची. "बरोबर," सर म्हणाले. "तांबं पाण्यातून बाहेर येतं आणि लोखंड पाण्यात जातं. लोखंड आपले इलेक्ट्रॉन तांब्यापेक्षा सहज सोडतं. हाच व्यवहार दोन वेगळ्या भांड्यांत करायला लावला, तर इलेक्ट्रॉनना तारेतून जावं लागेल. त्या जाण्यालाच आपण वीज म्हणतो."

मग त्यांनी जस्ताची पट्टी एका भांड्यातल्या द्रावणात आणि तांब्याची दुसऱ्या भांड्यातल्या द्रावणात ठेवून तारा मीटरला जोडल्या. काटा हलला नाही. मिठाच्या पाण्यात भिजवलेली कागदाची घडी दोन्ही भांड्यांत पोचेल अशी टाकली, तसा काटा उठला. घडी काढली, काटा पडला. क्रांतीनं आयुष्यात इतक्या बॅटऱ्यांना मीटर लावलेला बघितला होता, पण काटा कशाच्या जोरावर उठतो हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या तासाला सरांनी फळ्यावर आकडे लिहिले. एकेका धातूपुढं एक आकडा, काही अधिक, काही उणे, आणि मधे हायड्रोजनपुढं शून्य. शून्यच का, असं एका मुलानं विचारलं.

"एकट्या पट्टीचा जोर मोजताच येत नाही," सर म्हणाले. "मीटरला दोन टोकं लागतात. मीटर फक्त फरक दाखवतो. अजिंक्यतारा किती उंच, असं विचारलं तर आधी कुठून ते ठरवावं लागेल. समुद्रापासून एक आकडा, साताऱ्यातल्या पोवई नाक्यापासून दुसरा. शहाण्या माणसांनी बसून ठरवलं की हायड्रोजनला शून्य म्हणायचं आणि बाकीच्यांना तिथून मोजायचं. हायड्रोजनमधे शून्य असं काही नाही. तो आपला करार आहे."

हे तिला फार आवडलं. घरी जाताना ती तेच मनात घोळवत राहिली.

तिसऱ्या तासाला मात्र तिचा जुना शत्रू आला. सर म्हणाले, सेल वीज देत असताना ॲनोड उणा असतो. पुढच्याच पानावर बाहेरून वीज दिली की ॲनोड अधिक. तिच्या दुकानात अधिक तो अधिक आणि उणे ते उणे. त्यात बदल केला तर गाडीची वायरिंग जळते. हाताला पक्कं माहीत होतं तेच इथं आडवं येत होतं. तास संपल्यावर ती सरांकडं गेली.

"सर, ह्याच्यापाई मी हा धडा सोडला हुता बारावीला."

सर हसले. "बहुतेक जण ह्याच्यासाठीच सोडतात. असं बघा. साताऱ्याहून कऱ्हाडला येणारी एसटी असते. तिच्यावर कऱ्हाडची पाटी. तीच गाडी परत जाताना साताऱ्याची पाटी लावते. गाडीचा नंबर बदलतो का?"

"न्हाई."

"अधिक-उणे हा गाडीचा नंबर. ॲनोड-कॅथोड ही पाटी. जिथं इलेक्ट्रॉन सुटतात ती पट्टी त्या वेळेपुरती ॲनोड. बॅटरी वीज देत असते तेव्हा इलेक्ट्रॉन उण्या पट्टीकडून सुटतात. तुम्ही चार्जिंगला लावली की सगळं उलट दिशेनं चालतं, पाट्या बदलतात. नंबर तोच राहतो."

ती म्हणाली, "म्हंजे नाव कामाचं हाय. प्लेटीचं न्हाई."

"अगदी तेच."

त्या दिवशी दुकानात तिनं पहिल्यांदा चार्जर लावला आणि रस्त्यावर गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली.

शिशाच्या बॅटरीचा तास आला तेव्हा सरांनी तिला एक खराब बॅटरी आणायला सांगितली. तिनं ॲसिड काढून, धुऊन, करवतीनं कापून नेली. पोरं टेबलाभोवती गोळा झाली. एक प्लेट चॉकलेटी, एक राखाडी, आणि दोन्हींवर पांढरट बुरशीसारखं काहीतरी. "हे पांढरं म्हणजे बॅटरी वापरून संपत जाते तसं साठणारं लेड सल्फेट," सर म्हणाले. "चार्जिंग म्हणजे हे पांढरं पुन्हा मोडून एका बाजूला शिसं आणि दुसऱ्या बाजूला शिशाचा चॉकलेटी ऑक्साइड करणं. वीज त्या कामाला लागलेली असते. आता मला सांगा, हे पांढरं संपलं आणि तुम्ही वीज चालूच ठेवली, तर ती वीज काय करेल?"

क्रांती मागच्या बाकावरून उठून पुढं आली होती. ती हळूच म्हणाली, "पानी फोडंल."

"पाणी फोडेल. उण्या प्लेटपाशी हायड्रोजन, अधिक प्लेटपाशी ऑक्सिजन. एक जळणारा, एक जाळायला मदत करणारा, आणि दोघे एकाच डब्यात."

मग त्यांनी एक अडचण सांगितली, जी पुस्तकात नव्हती. फळ्यावरचे आकडे लावले तर पाणी फार कमी जोरात फुटायला हवं. बॅटरीच्या एका सेलचा जोर त्याहून बराच जास्त. म्हणजे हिशेबानं बॅटरी चार्ज होण्याआधीच पाणी फुटून संपलं पाहिजे. तसं होत नाही, कारण शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहजासहजी तयार होत नाही, फार नाखुशीनं होतो. "हे आकडे काय होऊ शकतं ते सांगतात," सर म्हणाले. "किती भराभर होईल, ते सांगत नाहीत. म्हणून तर बॅटरी नावाची गोष्ट जगात आहे. पण शेवटी शेवटी जोर वाढतो, दुसरं काम उरत नाही, आणि मग वायू भसाभस येतो. अशा वेळी एक ठिणगी पुरते."

क्रांतीनं कापलेली बॅटरी पोत्यात घातली आणि घराकडं निघाली. दुकान उघडायची वेळ झाली होती, पण पाय घराकडंच वळले. ठिणगी कशाची ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती तिनं डोळ्यांनी बघितली होती. चार्जर गुणगुणत होता, केरबा घाई करत होता, आणि क्लिप निघाली. कंपनीचा माल नाही, कुणाची नजर नाही. बटण बंद केलं असतं तर काही झालं नसतं.

वाटेत तिनं ठरवलं की हे त्याला सांगायचं नाही. झाल्या चुकीपायी एक डोळा देऊन बसलाय, त्यावर आणखी हे कशाला.

उदयसिंह पडवीतच होता. पोतं बघून त्यानं विचारलं, "काय हाय त्यात?"

"फाडलेली बॅटरी. साळंत न्हेली हुती."

महिनाभर ती सकाळी कुठं जाते ते त्याला माहीत होतं, पण त्यानं कधी विचारलं नव्हतं. आज तो म्हणाला, "काय शिकीवलं?"

ती खाली बसली. पोत्यातून प्लेटी काढल्या आणि सांगायला लागली. पांढरं कसं साठतं, चार्जिंगला कसं मोडतं, ते संपल्यावर वीज पाण्याला कशी लागते, कुठल्या प्लेटीवर कुठला वायू. सांगता सांगता तिला जाणवलं की तो ऐकतोय, नीट ऐकतोय, एकदोनदा मान हलवतोय. "मग वायू वर येतो," ती म्हणाली, "आन् झाकणाखाली साठतो." तिथं ती थांबली. प्लेटी पुन्हा पोत्यात भरायला लागली.

"आन् चालू करंटवर क्लिप काडली, की ठिणगी," उदयसिंह म्हणाला.

तिचे हात थांबले.

"वर्कशापच्या भिताडावर हिंदीत लिवल्यालं हुतं ते. पयलं बटन बंद, मग क्लिप. नव्या पोरांकडनं मीच म्हणून घ्यायचो, रोज सकाळी." तो रस्त्याकडं न बघता बोलत होता. "केरबा येतो, कंपनीला शिव्या देतो. आई मिठमोऱ्या उतरती. मी गप ऐकतो. ऐकताना वाटतं, डोळा गेला ते परवडलं."

क्रांतीला त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तेव्हा लागला. इतके महिने ती त्याच्या चेहऱ्याला जपत होती, आरसा बाजूला ठेवत होती, लोकांसमोर चष्मा सरळ करत होती. दुखत होतं ते दुसरीकडंच.

"तुमी त्या दिशी आणखी एक केलं," ती म्हणाली. "पानी मार म्हणालासा. थांबू नगंस म्हणालासा. मी तर नुसती उभी हुते. त्ये बी वर्कशापातलंच न्हवं?"

त्यानं हात पुढं करून पोत्यातली एक प्लेट घेतली, उजव्या डोळ्याजवळ नेली आणि अंगठ्यानं तिच्यावरचं पांढरं खरवडून बघितलं. "लय दिस उभी हुती वाटतं गाडी," तो म्हणाला. "कुणाची?"

पुढं काही एका दिवसात सगळं सुरळीत झालं, असं नाही. तो दुकानात यायला लागला तो आधी बाहेर खुर्ची टाकून बसण्यापुरता. आतल्या खोलीत पाऊल टाकायला त्याला दिवाळी उजाडली. पण त्याआधी त्यानं एक काम केलं. हंगामाच्या तोंडावर केरबा नवी बॅटरी बघायला आला आणि नेहमीप्रमाणं कंपनीचं काढलं, तेव्हा उदयसिंहानं त्याला मधेच थांबवलं.

"माल चांगला हुता केरबा. चूक माझी हुती. चालू चार्जरवर क्लिप काडली मी."

केरबा अवघडला. "मी घाई केली म्हणून, दाजी."

"घाई तुझी. हात माझा." आणि मग त्यानं केरबाला बसवून घेतलं आणि वायू कसा होतो, कवा होतो, का होतो, हे पहिल्यापासून सांगितलं. क्रांती स्टुलावरून ऐकत होती. नवऱ्याच्या तोंडून एवढी लांबलचक शाळा तिनं वर्षभरात ऐकली नव्हती. तो कुठं कुठं फौजेतले हिंदी शब्द वापरत होता, आणि एके ठिकाणी अडला तेव्हा तिच्याकडं बघितलं. तिनं तो शब्द सांगितला.

चार्जिंगच्या खोलीची मागची भिंत त्यांनी पाडली आणि तिथं जाळी बसवली, वरून वारा जाईल अशी. बटण दाराबाहेर घेतलं. निमिष सर आता दरवर्षी त्या धड्याला क्रांतीला बोलावतात. तासाचा शेवटचा भाग तिचा असतो. ती प्लेटी हातोहात फिरवते आणि पोरांना सांगते की घाबरून हा धडा सोडू नका, एसटीच्या पाटीचं लक्षात ठेवा. एका वर्षी एका मुलानं विचारलं, हे सगळं माहीत असूनही माणसाकडून चूक कशी होते? क्रांती हातातली प्लेट खाली ठेवून म्हणाली, "माहीत असणं डोक्यात असतं रं. घाई हातात असती."

अलीकडं सर्व्हिस रोडला विजेवरच्या स्कूटरी दिसायला लागल्या आहेत. त्यांची बॅटरी लिथियमची. तिच्यात ना पाणी टाकायचं, ना काचेच्या नळीत ओढून ॲसिडची ग्रॅव्हिटी बघायची. ती बिघडली तर उघडायची कशी, हे उंब्रजात कुणाला ठाऊक नाही. क्रांतीनं सरांच्या पुस्तकातला तो आकड्यांचा तक्ता काढून बघितला. लिथियम हायड्रोजनच्या शून्यापासून सगळ्यांत लांब, उण्याच्या पार शेवटच्या टोकाला. "म्हंजे हे शिशाहून लय तापट असणार," ती उदयसिंहाला म्हणाली.

सांगलीला लिथियम बॅटरीच्या दुरुस्तीचं शिक्षण देणारा एक वर्ग निघाल्याचं टेम्पोवाल्याकडून कळलं. तिनं नाव घातलं. आता आठवड्यातून दोन दिवस ती सकाळची एसटी धरून सांगलीला जाते. वर्गात बाकी सगळी विशी-बाविशीतली पोरं आहेत. पहिल्या दिवशी ही पोरंही हसली.

त्या दोन दिवशी दुकान उदयसिंह बघतो. संध्याकाळी ती परत येते तेव्हा तो गिऱ्हाइकाला काहीतरी विचारत उभा असतो, पाणी नळाचं का डिस्टिलचं. तिला बघून स्टूल पुढं सरकवतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, "जरा दम धर गड्या." मग तिच्याकडं वळून विचारतो, "बोल. काय शिकीवलं आज?"